आंबट संत्रं आणि रक्तातलं ॲसिड

डिसेंबरात नागपूरच्या महाल भागातल्या काकूंकडे गेलं आणि निघताना हातात चार संत्री पडली नाहीत, असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं. आंबिया बहाराचा माल उतरला की काटोलकडच्या नातेवाइकांची पेटी त्यांच्याकडे यायचीच. यंदा ओट्याखाली पेटी दिसली नाही.

"बंद केली," काकू म्हणाल्या. "तुझ्या काकांचा रिपोर्ट आला न. रक्तात ॲसिड वाढून राहिलं म्हणे. डॉक्टरनं सोड्याच्या गोळ्या लिहून दिल्या अन् संत्री, मोसंबी, नारळपाणी बंद. मग म्हटलं, आंबट घरातच नको. मीही सोडली, नातवालाही देत नाही."

नारळपाणी कुठं आंबट असतं, असं ओठांवर आलं होतं, पण तेव्हा गिळलं.

काकांच्या किडन्या मधुमेहानं थकल्या आहेत. रक्तातलं ॲसिड टिपून घेणारं बायकार्बोनेट रिपोर्टात 17 होतं. ते 22 ते 26च्या दरम्यान हवं. डॉक्टरांचा सल्ला चोख होता. काकूंनी त्याला जोडलेलं कारण तेवढं चुकलं होतं, आणि तसं चुकणारे बरेच असतात. मी पॅरामेडिकलच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला कुणीतरी विचारतंच की मॅडम, लिंबू पिल्यानं रक्त ॲसिडिक होते का? जिभेला लागणारा आंबटपणा, सावजी मटणानंतर छातीत होणारी जळजळ आणि रक्ताचा पीएच या तीन गोष्टींचा एकमेकींशी जेवढा संबंध आपण लावतो, तेवढा तो नाही.

पीएच ही मोजपट्टी 1909 साली सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं आणली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या पदरी काम करताना. द्रवात हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मोकळे किती फिरतायत, एवढंच ती सांगते. आकडा जितका लहान, तितकं ॲसिड जास्त. शुद्ध पाणी 7, संत्र्याचा रस साधारण साडेतीन ते चार, भुकेल्या पोटातलं जठर दीड-दोन. धमनीतलं रक्त 7.35 ते 7.45. म्हणजे आपलं रक्त किंचित अल्कलीकडे, ॲसिडच्या उलट बाजूला, झुकलेलं असतं, आणि डॉक्टर "ॲसिड वाढलंय" म्हणतात तेव्हासुद्धा ते बहुतेक वेळा 7च्या वरच असतं. रक्त लिंबासारखं कधीच होत नाही. ते नेहमीपेक्षा जरा कमी अल्कली होतं, आणि तेवढ्यानंच माणूस आजारी पडतो.

तेवढ्यानं का? कारण ही पट्टी फसवी आहे. 7.4 वरून 7.1 म्हणजे वाटतं चार टक्के इकडेतिकडे; प्रत्यक्षात मोकळे हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. 6.8च्या खाली आणि 7.8च्या वर माणूस सहसा तगत नाही. पेशीतली प्रत्येक प्रथिनं ठरावीक घडीत दुमडलेली असतात, आणि हायड्रोजन आयन त्यांना चिकटले किंवा सुटले की घडी बदलते. घडी बदलली की काम बिघडतं. हृदयाचे ठोके, नसांचे संदेश, सगळं या घड्यांवर चालतं.

आता प्रमाण बघा. एक लिटर रक्तद्रवात मोकळे हायड्रोजन आयन असतात सुमारे 40 नॅनोमोल. सोडियम असतं 140 मिलिमोल. (मोल हे कणांची संख्या मोजायचं माप; एक मिलिमोल म्हणजे दहा लाख नॅनोमोल.) म्हणजे एका हायड्रोजन आयनामागे 35 लाख सोडियम. इतकी नगण्य संख्या शरीर सांभाळतं. आणि दुसऱ्या बाजूनं आपलं शरीर दिवसाला किती ॲसिड तयार करतं? साध्या जेवणावरच्या माणसात फक्त न उडणारं, म्हणजे वायू होऊन श्वासातून न जाणारं, ॲसिड सुमारे 70 मिलिमोल. पाच लिटर रक्तात मोकळे आयन धरले तर हे त्यांच्या साडेतीन लाख पट होतं. शिवाय कार्बन डायऑक्साइड निराळा: दिवसाला साधारण 15000 मिलिमोल, वजनात साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे. पाण्यात मिसळला की तोही ॲसिडच.

एवढा लोंढा येतो आणि आकडा दुसऱ्या दशांशात जेमतेम हलतो, हे कसं?

वर्गात मी लग्नाचा मांडव सांगते. मांडवात पाहुणे सतत येतायत. दारातले कार्यकर्ते प्रत्येकाला लगेच खुर्ची देतात. पीएचचं यंत्र फक्त उभ्या पाहुण्यांची मोजदाद करतं. बसलेले त्याला दिसत नाहीत. म्हणून पाहुणे हजारांनी आले तरी उभे असलेले चारच दिसतात. या खुर्च्या म्हणजे बफर. रक्तातल्या मुख्य खुर्च्या दोन: बायकार्बोनेट आणि हिमोग्लोबिन. हाडांमध्येही साठा असतो, पण तो वर्षानुवर्षं वापरला तर मांडवाचे खांबच पोखरले जातात. काकांसारख्या जुन्या किडनीच्या रुग्णांची हाडं ठिसूळ होतात त्यात याचाही हात असतो.

बायकार्बोनेटची खुर्ची विलक्षण आहे. तिच्यावर पाहुणा बसला की खुर्ची आणि पाहुणा मिळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतात, आणि तो वायू फुप्फुसाच्या दारातून सरळ बाहेर पडतो. पाहुणा गेला, पण खुर्चीही घेऊन गेला. मग मांडवात खुर्च्या कमी पडतात. त्या पुरवायला बिछायत केंद्र लागतं, आणि ते म्हणजे किडनी. श्वासाचं दार आणि किडनीचं बिछायत केंद्र, सगळा खेळ या दोघांचा आहे. बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण 20ला 1 असं राहिलं की पीएच 7.4 राहतो. हेंडरसननं 1908 मध्ये आणि हॅसेलबाल्खनं काही वर्षांनी हे सूत्रात बसवलं. परीक्षेत मुलं सूत्र पाठ करतात आणि दार नि खुर्ची विसरतात.

फुप्फुसाचं दार वेगवान असतं. मेंदूच्या देठात आणि मानेतल्या धमन्यांपाशी पहारेकरी बसलेत. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला की ते श्वास वाढवतात. पोहायला शिकताना श्वास रोखून बुडी मारली की काही सेकंदांत छाती फुटेल असं वाटतं ना? ते ऑक्सिजन संपल्यामुळे नसतं. रक्तात ऑक्सिजन अजून पुष्कळ असतो. कार्बन डायऑक्साइड साठल्याची ती बोंब असते. सेमिनरी हिल्सचा चढ धावत चढल्यावर लागणाऱ्या धापेतूनही स्नायूंनी तयार केलेला जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आणि घाबरलेली व्यक्ती जोरजोरात श्वास घेते तेव्हा उलटं होतं: कार्बन डायऑक्साइड जास्तच निघून जातो, रक्त अल्कलीकडे सरकतं, मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं आणि बोटांना मुंग्या येऊन हात आखडतात. नातेवाईक झटका समजून धावपळ करतात.

श्वासाचं हे दार किती ताकदीनं उघडतं हे मधुमेहाच्या तीव्र बिघाडात दिसतं. इन्शुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं आणि कीटोन नावाची ॲसिडं ओतत राहतं. खुर्च्या संपतात. मग माणूस खोल, जोरदार, न थांबणारे श्वास घेऊ लागतो, जणू मैलभर धावून आलाय. पण छाती तपासली तर फुप्फुस साफ. 1874 मध्ये कुसमाउल या जर्मन वैद्यानं हे श्वास नोंदवले आणि आजही त्याच नावानं ते ओळखले जातात. श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो. शुगर असलेल्या माणसाला उलट्या आणि असे श्वास, दोन्ही एकदम दिसले तर घरी थांबायचं नाही, हे मी वर्गाबाहेरही सांगत फिरते.

किडनी मात्र सावकाश काम करते. तिला पूर्ण जोर धरायला तीन ते पाच दिवस लागतात, पण तिच्याशिवाय गत्यंतर नाही, कारण न उडणारं ॲसिड श्वासातून जात नाही. ते येतं कुठून? अंडी, मटण आणि आपल्या तुरीच्या डाळीतल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं. ते जळलं की सल्फ्युरिक ॲसिड बनतं. गाडीच्या बॅटरीत जे असतं तेच, फक्त अत्यल्प आणि लगेच खुर्चीवर बसवलेलं.

किडनीची कामं दोन. पहिलं, खुर्च्या वाया जाऊ न देणं. ती दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळते आणि त्याच्यासोबत 4300 मिलिमोल बायकार्बोनेटही गळतं. खायच्या सोड्याच्या (म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच्या) हिशोबात ते साडेतीनशे ग्रॅमच्या वर जातं. त्यातलं जवळपास सगळं ती परत आत ओढते, रोज. दुसरं, नवीन खुर्च्या बनवणं. त्यासाठी तेवढंच ॲसिड लघवीतून बाहेर टाकावं लागतं, आणि इथं एक मजेशीर अडचण आहे. लघवीचा पीएच फार तर 4.5पर्यंत खाली जातो. 70 मिलिमोल ॲसिड नुसतं मोकळं सोडायचं म्हटलं तर दिवसाला दोन हजार लिटरच्या वर लघवी करावी लागेल, म्हणजे गच्चीवरच्या दोन टाक्या भरून! म्हणून किडनी ॲसिडला गाडीत बसवून पाठवते: काही फॉस्फेटच्या, पण बहुतेक अमोनियाच्या. ग्लुटामिन या अमिनो आम्लापासून ती अमोनिया स्वतः बनवते आणि गरज पडली की त्याचं उत्पादन कित्येक पटींनी वाढवते.

काकांच्या किडनीची गडबड नेमकी इथं आहे. त्यांच्यात काम करणाऱ्या गाळण्या कमी उरल्या, त्यामुळे अमोनियाच्या गाड्या कमी निघतात, ॲसिड मागे राहतं आणि खुर्च्या कमी पडतात. सोड्याच्या गोळ्या म्हणजे बाहेरून भाड्यानं आणलेल्या खुर्च्या. पण त्याही डॉक्टरांनी मोजून दिल्या तरच. सोड्यातलं सोडियम पाय सुजवतं, बीपी चढवतं. कुणाचं बघून आपल्या मनानं सोडा खायला लागायचं हे काम नाही.

फुप्फुस आणि किडनी एकमेकांना कसं सांभाळून घेतात आणि त्यामुळे बघणारा कसा फसतो, याचं माझ्या आवडीचं उदाहरण पुन्हा कोपनहेगनचंच आहे. (या विषयात ते गाव सारखं येतं, हॅसेलबाल्खही तिथंच काम करायचा.) 1952च्या उन्हाळ्यात तिथं पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येत होते. व्हेंटिलेटरची लोखंडी पेटी जेमतेम एक, छातीला बांधायची काही साधनं, बस. श्वास बंद पडत आलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 गेले. डॉक्टरांना कोडं पडलं होतं: रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड, ज्यात बायकार्बोनेट धरलेलं असतं, तो खूप वाढलेला दिसायचा. खुर्च्या भरपूर आहेत म्हणजे रक्त अल्कली झालं असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि या गूढ अल्कलीचं कारण त्यांना सापडेना.

ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं वेगळं पाहिलं. तो म्हणाला, खुर्च्या वाढल्यात कारण दार बंद आहे. लुळ्या छातीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातच नाही, तो आत साठतोय, म्हणून आकडा वाढलाय. रक्त ॲसिडिक असणार. 27 ऑगस्टला 12 वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद देऊन नळी घातली गेली आणि त्यानं हातानं रबरी पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. पौल आस्ट्रुपच्या प्रयोगशाळेनं रक्ताचा पीएच मोजला तेव्हा इब्सेनचं म्हणणं खरं निघालं. यंत्रं नव्हतीच, म्हणून वैद्यकीय आणि दंतवैद्यकाचे सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसून हातानं पिशव्या दाबत राहिले, आठवडेच्या आठवडे. मृत्यूचं प्रमाण घसरलं, आणि आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून मानतात. मनगटातल्या धमनीतून रक्त काढून त्यातले वायू आणि पीएच मोजतात ती एबीजी तपासणी त्याच कामाची नात आहे. ती दुखते खरी, पण हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी आकडे बदलतात, म्हणून काढणाऱ्यावर चिडू नका.

म्हणून रिपोर्टात एकटं बायकार्बोनेट पाहून काहीच ठरत नाही. कमी असेल तर किडनी थकली असेल, हगवण लागली असेल, किंवा श्वास जोरात चाललाय म्हणून किडनीनं मुद्दाम खुर्च्या कमी केल्या असतील. पीएच अगदी 7.38 दिसतो आणि आत दोन्ही बाजू जिवाच्या आकांतानं ओढत असतात, असंही होतं.

हगवणीचं नागपुरात विशेष. मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, उघड्यावरचा बर्फाचा गोळा आणि साचलेलं पाणी, मग गॅस्ट्रोचे रुग्ण. आतड्यातलं पाणी बायकार्बोनेटनं भरलेलं असतं. जुलाबांतून खुर्च्याच वाहून जातात. उलट नुसत्या उलट्या होत राहिल्या तर जठरातलं ॲसिड जातं आणि रक्त अल्कली होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये मीठ, साखर आणि पोटॅशियम असतंच, शिवाय एका लिटरला 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. जुन्या पुडीत या जागी थेट सोडा होता. सायट्रेट शरीरात जळतं आणि बदल्यात बायकार्बोनेट उरतं.

विदर्भात ॲसिड आणखी एका कारणानं काळजीचं. हिमोग्लोबिनला ॲसिड लागलं की ते ऑक्सिजन सोडतं. 1904 मध्ये क्रिश्चियन बोर यानं हे दाखवलं (अणूच्या रचनेवाल्या नील्स बोरचे वडील, आणि हो, तेही कोपनहेगन). धावणाऱ्या स्नायूसाठी ही सोय उत्तम. पण आपल्याकडे सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा जन्मजात आजार बराच आहे, आणि त्या हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की ते एकमेकांना चिकटून लाल पेशीला विळ्याचा आकार देतं. ताप, उन्हात अंगातलं पाणी कमी होणं, जुलाब, अशानं रक्त ॲसिडकडे झुकलं की वेदनेचा झटका येऊ शकतो. सिकलसेलच्या मुलांना उन्हाळ्यात पाणी पाजत राहा असं सांगण्यामागं हेही एक कारण आहे.

हे सगळं काकूंना सांगताना दोन कप चहा झाला. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "मग संत्रं खाल्लं की काय होते?"

जिभेला जे आंबट लागतं ते सायट्रिक ॲसिड. ते पेशीत जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. श्वासातून निघून जातं. संत्र्यात त्यासोबत पोटॅशियमचं सायट्रेट असतं, आणि ओआरएससारखंच ते जळलं की बायकार्बोनेट मागे राहतं. म्हणजे संत्रं जिभेवर आंबट आणि रक्तासाठी उलट दिशेनं, तेही इतकं थोडं की निरोगी किडनी ते लघवीतून सोडून देते. पोटातली जळजळही वेगळी: जठर ॲसिड बनवतं तेव्हा बदल्यात बायकार्बोनेट रक्तात सोडतं, म्हणून सावजीवर ताव मारल्यावर जठराकडून परतणारं रक्त थोडा वेळ जास्त अल्कली होतं. आणि ते "अल्कलाइन पाणी" विकणारे? त्यांचं पाणी आधी जठरातल्या ॲसिडात पडतं. तिथून वाचून पुढे गेलंच, तर किडनी त्याला बाहेर टाकते. तसं पाणी बनवणाऱ्या यंत्राच्या किमतीत कितीतरी पेट्या संत्री येतील.

"मग डॉक्टरनं बंद कायले केली?"

मी काकांची फाईल मागितली. बायकार्बोनेटच्या दोन ओळी वर पोटॅशियम होतं: 5.8. निळ्या पेनानं गोल केलेलं. बायकार्बोनेटच्या भोवती गोल नव्हताच. संत्री, मोसंबी, नारळपाणी, तिन्हींत पोटॅशियम भरपूर. धडधाकट किडनी जादाचं पोटॅशियम बाहेर फेकते. काकांची फेकू शकत नाही, आणि ते चढलं की हृदयाची लय बिघडते. शिवाय रक्तात ॲसिड साठलं की बऱ्याचदा ते पेशींत शिरतं आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर येतं, म्हणून सोड्याच्या गोळ्यांचा त्या आकड्यालाही उपयोग होतो.

काकू काही वेळ त्या गोलाकडे बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा ओट्याखाली पेटी होती. काका नातवाला संत्रं सोलून देत होते, एकेक फोड शिरा काढून, आणि स्वतः नुसती साल चुरगाळून हुंगत होते.